ब्रेस्ट इम्प्लांट निवडताना: आधी मोजपट्टी, मग सीसी

इम्प्लांट बसवून घ्यायचं मनाशी ठरलं की पहिला प्रश्न डोक्यात येतो तो एकच: किती सीसीचे (म्हणजे किती मिलीलिटरचे) घेऊ? माझीही सुरुवात तिथूनच झाली. माझ्या एका मैत्रिणीने 300 सीसीचे इम्प्लांट बसवून घेतले होते आणि ते तिला अगदी शोभून दिसायचे. मी सर्जनसमोर बसले आणि सांगून टाकलं, मला 300 हवेत. त्यांनी "300च का?" असं विचारलं नाही आणि मोजपट्टीही लावली नाही. महिन्याभरात ऑपरेशन झालंसुद्धा.

मैत्रीण माझ्यापेक्षा उंच आणि छातीच्या पिंजऱ्याने चांगली रुंद होती, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सूज उतरली तसं मला कळायला लागलं. हात खाली सोडले की दंडाची आतली बाजू इम्प्लांटच्या कडेला घासायची. उताणी झोपले की दोन्ही बाजू काखेकडे कलंडायच्या. समोरून पाहिलं तर मी भरलेली नाही, नुसती रुंद दिसायचे. चार वर्षांनी मी दुसऱ्या सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी बोलण्याआधी कॅलिपर (दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजायचं साधन) काढलं, छातीच्या हाडाजवळची कड आणि काखेकडची कड यांतलं अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "तुमच्या स्तनाचा पाया साडेअकरा सेंटिमीटर आहे. आत बसलेला इम्प्लांट तेरा सेंटिमीटरचा आहे. तो जाणार कुठे?"

माझी पूर्ण चूक त्या एका वाक्यात आली होती. खाली जे लिहिते आहे ते तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून. तुमच्या सर्जनच्या सल्ल्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि त्यांच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, एवढं नक्की कळेल.

पहिली पायरी: हवं ते रूप शब्दांत न सांगता दाखवा

"मला नॅचरल हवंय" हे वाक्य सर्जन रोज ऐकतात आणि प्रत्येकीच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो. एकीला नॅचरल म्हणजे कोणाला कळूच नये असं हवं असतं, दुसरीला ब्रा न घालताही वरचा भाग भरलेला दिसायला हवा असतो. म्हणून फोटो जमवा. मात्र ते आपल्यासारख्या बांध्याच्या बायकांचे असू द्या आणि ऑपरेशनच्या आधीचे-नंतरचे दोन्ही असू द्या. ज्या बाईचा "आधीचा" फोटो तुमच्या आजच्या छातीसारखा दिसतो, तिचाच "नंतरचा" फोटो तुमच्या कामाचा. नटून-थटून, पुश-अप ब्रा घालून काढलेल्या फोटोवरून आत काय आहे याचा काही पत्ता लागत नाही.

फोटो पाहताना नजर तीन ठिकाणी जाऊ द्या. पहिलं, बाजूने दिसणारा वरचा उतार. गळ्याखालून स्तनाग्रापर्यंत येणारी रेघ सरळ आहे, किंचित आत वळलेली आहे की चेंडूसारखी फुगलेली? ब्रिटिश प्लास्टिक सर्जन पॅट्रिक मलुची यांनी बऱ्याच जणींना आवडणाऱ्या आकाराचं जे गणित मांडलं, त्यात स्तनाग्राच्या वर साधारण 45 टक्के आणि खाली 55 टक्के भराव असतो. हे प्रमाण म्हणजे नियम नव्हे. ज्यांना वरचा भाग ठसठशीत हवा असतो त्यांचं 50-50 कडे झुकतं, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. पण हे प्रमाण डोक्यात असलं की "मला वरून भरलेलं हवंय" या वाक्याला माप मिळतं.

दुसरं, दोन्ही स्तनांमधली फट. इथे बऱ्याच जणींची निराशा होते, म्हणून स्पष्टच सांगते: ही फट इम्प्लांट ठरवत नाही. छातीच्या हाडाची रुंदी, स्नायू हाडाला कुठे चिकटला आहे आणि स्तनाग्रं किती बाहेरच्या बाजूला आहेत, यावर ती ठरते. फट कमी करण्यासाठी इम्प्लांट मध्याकडे ओढत गेलं तर हाडावरची कातडी उचलली जाते आणि दोन्ही स्तन मधे जोडल्यासारखे दिसतात. ते दुरुस्त करणं फार किचकट काम असतं.

तिसरं, बाहेरची कड. समोरून पाहताना स्तनाची कड छातीच्या पिंजऱ्याबाहेर किती येते ते पाहा. बारीक कंबर असलेल्या बाईला थोडी कड बाहेर आलेली शोभते. माझ्यासारख्या सरळ बांध्याच्या बाईला तीच कड जाड दाखवते.

कप साईज बाजूला ठेवा

"मला सी कप करून द्या" असं कुठल्याही सर्जनकडून लिहून घेता येणार नाही आणि कोणी लिहून दिलं तर सावध व्हा. कप हे एकट्याने उभं राहणारं माप नाही, ते पट्ट्याच्या मापावर अवलंबून असतं. 32 डी, 34 सी आणि 36 बी या तिन्ही ब्रांच्या कपात जवळपास सारखाच भराव मावतो. त्यात प्रत्येक कंपनीचा सी वेगळा. साधारण 150 ते 200 सीसीला एक कप वाढतो असं ऐकायला मिळतं. अंदाजाला ते ठीक आहे, पण रुंद छातीवर तेवढेच सीसी पसरून जातात आणि अरुंद छातीवर उठून दिसतात. आणखी एक, कॅटलॉगमध्ये 25-30 सीसीच्या फरकाने इम्प्लांट मांडलेले असतात आणि त्या दोन आकड्यांमध्ये बायका रात्र-रात्र जागतात. 25 सीसी म्हणजे पाच चहाचे चमचे. आरशात तो फरक तुम्हाला दिसणार नाही.

मापं: इथे वेळ घाला

पूर्ण निवडीचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

सर्जन सगळ्यात आधी स्तनाच्या पायाची रुंदी घेतात. मध्याकडे जिथे स्तन सुरू होतो तिथपासून काखेकडे जिथे संपतो तिथपर्यंत, सरळ रेषेत, कॅलिपरने. टेपने नाही, कारण टेप उंचवट्यावरून वळते आणि माप वाढतं. घरी अंदाज घ्यायचा असेल तर आरशासमोर उभं राहून दोन पेन्सिली दोन्ही कडांवर उभ्या धरा आणि मधलं अंतर मोजपट्टीने मोजा. हे माप घेऊन कुठे ऑर्डर द्यायची नाही, पण सर्जन जेव्हा आकडा सांगतील तेव्हा तो ओळखीचा वाटेल.

इम्प्लांटची रुंदी या पायापेक्षा थोडी कमीच हवी, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना तुमची स्वतःची कातडी आणि चरबी असणार आहे. कड झाकायला तीच लागते. पाया साडेबारा असेल तर इम्प्लांट साधारण साडेअकरा ते बाराच्या घरात येतो. किती कमी करायचा हे तुमच्या अंगावर किती मांस आहे त्यावर ठरतं.

ते कळण्यासाठी दुसरी तपासणी, चिमट्याची. सर्जन स्तनाच्या वरच्या भागाची कातडी चिमटीत धरतात आणि त्या चिमटीची जाडी मोजतात. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर वर इम्प्लांट झाकायला तुमच्याकडे पुरेसं काही नाही, आणि तो किमान वरच्या भागात तरी स्नायूखाली घेण्याकडे सर्जनचा कल असतो. हा दोन सेंटिमीटरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं, कातडीचा ताण. स्तनमंडलाच्या, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या, कडेची कातडी हलकेच पुढे ओढून ती किती येते ते पाहतात. कधी मूल न झालेल्या, घट्ट कातडीच्या मुलीत ती जेमतेम दोन सेंटिमीटर येते. दोनदा अंगावर पाजलेल्या बाईत तिप्पटही येऊ शकते. घट्ट कातडीत मोठा इम्प्लांट कोंबला तर तो वर चढून बसतो, आणि सैल पिशवीत लहान इम्प्लांट ठेवला तर खाली रिकामं लोंबतं. चौथं माप स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं, कातडी ताणून घेतलेलं. इम्प्लांट जेवढा मोठा, तेवढं हे अंतर जास्त लागतं. ते मुळात कमी असेल तर घडी खाली सरकवावी लागते.

एवढी मापं हातात आली की निवडीसाठी मोजकेच इम्प्लांट उरतात. सीसीचा आकडा या मापांच्या शेवटी आपोआप येतो. माझ्या दुसऱ्या वेळी मी आकडा विचारलासुद्धा नव्हता. मोजणी संपल्यावर सर्जनबाईंनीच सांगितलं, "275." पंचवीस सीसी कमी, पण हाय प्रोफाइल, म्हणजे रुंदीला कमी आणि पुढे जास्त येणारे, अकरा सेंटिमीटरच्या आत बसणारे. आतली वाढलेली जागा त्यांना काखेकडच्या बाजूला टाके घालून लहान करावी लागली. आज आकड्याने मी लहान आहे, पण ब्लाऊजमध्ये आधीपेक्षा भरलेली दिसते आणि दंड घासत नाही.

प्रोफाइल म्हणजे काय

एक वाटी पीठ ताटात थापलं तर पसरट भाकरी होते, तेवढंच पीठ मुठीत गोळा केलं तर उंच उंडा. पीठ तेवढंच. प्रोफाइल म्हणजे हेच. 300 सीसीचा मॉडरेट प्रोफाइल इम्प्लांट साधारण तेरा सेंटिमीटर रुंद असतो आणि साडेतीनच्या आसपास पुढे येतो. तेच 300 सीसी हाय प्रोफाइलमध्ये अकरा सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि पाचच्या जवळपास पुढे. कंपनीगणिक आकडे थोडे सरकतात, तत्त्व बदलत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: रुंदी तुमच्या छातीने ठरवायची, पुढे किती यायचं ते तुमच्या आवडीने, आणि त्या दोन्हींतून सीसी निघतात. रुंद छाती आणि सौम्य उतार आवडत असेल तर मॉडरेट. अरुंद छाती असून भराव हवा असेल तर हाय. सगळ्यात उंच प्रोफाइलचे इम्प्लांट मी सहसा सुचवणार नाही. ते कमी जागेत जास्त दाब देतात आणि वर्षानुवर्षं त्या दाबाखाली स्वतःची ग्रंथी आणि कातडी पातळ होत जाते. ती गेली की परत येत नाही.

गोल की थेंबाच्या आकाराचे

नाव ऐकून सगळ्यांना थेंबाचे नॅचरल वाटतात. पण गोल इम्प्लांटमधलं जेल मऊ असेल तर बाई उभी राहिल्यावर ते स्वतःच खाली ओघळतं आणि थेंबासारखं दिसतं. झोपल्यावर पसरतं, खऱ्या स्तनासारखंच. गोल इम्प्लांट आत फिरला तरी गोलच राहतो. थेंबाचा फिरला तर स्तनाचा आकार वेडावाकडा दिसतो, आणि कधीकधी तो जागेवर आणायला पुन्हा ऑपरेशन लागतं. थेंबाच्या इम्प्लांटचा उपयोग जिथे स्तनाचा खालचा भाग मुळात आक्रसलेला आहे किंवा स्वतःचं मांस फारच कमी आहे तिथे होतो. तो फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवावा लागतो, आणि त्या खरखरीत पृष्ठभागाची गोष्ट वेगळी सांगायला हवी.

पृष्ठभाग आणि आतलं द्रव्य: हे दिसत नाही, पण सोबत राहतं

सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन इथे बसवले गेले. तेव्हापासून कवच आणि जेल दोन्ही बरंच बदललं. आजचं जेल एकमेकांना धरून राहतं, कापलं तरी पाण्यासारखं वाहत नाही. मधल्या काळात, 1992 मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) केवळ सौंदर्यासाठी सिलिकॉन इम्प्लांट वापरणं थांबवलं आणि 2006 मध्ये पुन्हा मान्यता दिली. 2010 मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाच्या ऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं उघड झालं आणि कित्येक देशांतल्या बायकांना ते काढून घ्यावे लागले. ज्याच्या खोक्यावर कंपनी, मॉडेल आणि सिरियल नंबर नाही तो इम्प्लांट कितीही स्वस्त पडत असला तरी अंगात जाऊ देऊ नका, हे मी एवढ्या कळकळीने सांगते ते म्हणूनच.

खरखरीत पृष्ठभाग कशासाठी आला? शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती पडदा तयार करतं, इम्प्लांटभोवतीही करतं. तो पडदा आवळत गेला की स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. यालाच कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. डॉक्टर त्याची बेकर श्रेणी सांगतात: पहिलीत स्तन मऊ, चौथीत कडक, दुखरा आणि बिघडलेल्या आकाराचा. खरखरीत इम्प्लांटमध्ये, विशेषतः ते स्नायूच्या वर असताना, हे कमी होतं म्हणून ते लोकप्रिय झाले. पण मग त्यांच्याभोवतीच्या पडद्यात एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) आढळू लागला, बीआयए-एएलसीएल नावाचा. एफडीएने त्याबद्दल 2011 मध्ये पहिल्यांदा सूचना दिली आणि 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीचे बायोसेल या खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत बोलावले गेले. ज्यांच्या अंगात ते आधीपासून आहेत आणि काही त्रास नाही त्यांनी घाईने काढून घ्यावेत असा सल्ला एफडीएने दिलेला नाही. पण ऑपरेशनला अनेक वर्षं झाल्यावर एक बाजू अचानक सुजली, आत पाणी साठल्यासारखं वाटलं, तर तपासून घेणं टाळू नये.

नव्याने निवडणाऱ्या बाईसाठी माझं मत सरळ आहे: गुळगुळीत पृष्ठभागाचा, गोल इम्प्लांट. वेगळं काही सुचवलं गेलं तर कारण विचारा, आणि ते तुमच्या शरीराला धरून असलं पाहिजे.

आता आत काय भरायचं. सलाईनच्या इम्प्लांटचं फक्त कवच आत घालतात आणि मग मिठाचं निर्जंतुक पाणी भरतात, त्यामुळे छेद लहान लागतो आणि दोन्ही बाजूंत फरक असेल तर कमी-जास्त भरता येतं. फुटला तर पाणी अंगात शोषलं जातं आणि ती बाजू बसते, म्हणजे लगेच कळतं. पण बारीक बाईच्या अंगात त्याच्या कडा हाताला लागतात आणि वाकल्यावर कातडीवर सुरकुत्यांच्या लाटा दिसतात. सिलिकॉन हाताला खऱ्यासारखं लागतं आणि लाटाही कमी, मात्र फुटलं तर बाहेरून कळेलच असं नाही. म्हणून ऑपरेशननंतर 5-6 वर्षांनी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून घ्यावी, अशी एफडीएची शिफारस आहे. अमेरिकेत सौंदर्यासाठी सलाईनचे 18व्या वर्षापासून आणि सिलिकॉनचे 22व्या वर्षापासून मान्य आहेत. विशीच्या सुरुवातीपर्यंत स्तनांची वाढ चालू असू शकते, हे तिथलं साधं कारण.

कुठे बसवायचा आणि छेद कुठून

चिमटीचा तो दोन सेंटिमीटरचा आकडा आठवा. मांस पुरेसं असेल तर इम्प्लांट स्नायूच्या वर, ग्रंथीच्या खाली बसवता येतो. दुखणं कमी आणि हालचालीत आकार बदलत नाही. मांस कमी असेल तर वरचा अर्धा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली, अशी रचना करतात. तिला ड्युअल प्लेन म्हणतात आणि ती बरीच वापरली जाते. वरची कड झाकली जाते, मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रे तपासणीत) ग्रंथी दिसणंही सोपं जातं. बदल्यात काय? छातीचा स्नायू आवळला की स्तन वर किंवा बाहेर ओढला जातो. तुम्ही दंड-बैठका काढत असाल, पोहत असाल, जड वजन उचलत असाल तर हे सर्जनला आवर्जून सांगा. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नका.

छेदाबद्दल फार विचार करत बसायची गरज नाही. स्तनाखालच्या घडीतला छेद सर्जनला सगळ्यात चांगलं दिसू देतो आणि व्रण घडीत लपतो. स्तनमंडलाच्या कडेचा छेद रंगाच्या सीमेत मिसळतो, पण दुधाच्या नळ्यांजवळून जातो, म्हणून पुढे अंगावर पाजायचं मनात असेल तर तो नको. काखेतून घेतलेल्या छेदाने स्तनावर व्रण राहत नाही, पण पुढे कधी काही दुरुस्त करायचं झालं तर बहुतेकदा दुसरा छेद लागतो.

उतरलेल्या स्तनांचा प्रश्न

आरशासमोर बाजूने उभ्या राहा. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या रेषेच्या वर आहे, त्याच रेषेत आहे की खाली? खाली असेल तर नुसत्या इम्प्लांटने ते उचललं जाणार नाही. इम्प्लांट आत भराव देतो, जास्तीची कातडी कमी करत नाही. अशा वेळी लिफ्ट, म्हणजे जास्तीची कातडी काढून स्तन वर उचलण्याचं ऑपरेशन, लागते, एकटी किंवा इम्प्लांटसोबत. व्रण नकोत म्हणून लिफ्ट टाळून मोठा इम्प्लांट घेणं हा मोह मी खूप जणींमध्ये पाहिला आहे. मोठा इम्प्लांट म्हणजे जास्त वजन, आणि वजनाने कातडी आणखी उतरते. दोन-तीन वर्षांत तीच बाई जास्त खाली आलेले स्तन घेऊन लिफ्टसाठी पुन्हा टेबलावर येते.

घरी करून पाहायचा तांदळाचा प्रयोग

मोजपात्राने 250 मिली तांदूळ मोजा, पातळ मोज्यात भरा, गाठ मारा, चपटं करा आणि पॅड नसलेल्या स्पोर्ट्स ब्रामध्ये ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. वरून घट्ट टी-शर्ट घाला आणि तासभर घरात वावरा. जिने चढा, वाका, झोपा. दुसऱ्या दिवशी 300, मग 350. बाहेरून ठेवलेली पिशवी आणि आत बसलेला इम्प्लांट तंतोतंत सारखे दिसत नाहीत, पण डोळ्यांना सवय होते आणि "बाप रे" आणि "एवढंच?" यांतला फरक कळतो. तांदूळ हलका असतो. खरं वजन अनुभवायचं तर तेवढंच पाणी भरलेली पिशवी ठेवा. सिलिकॉन जेल जवळपास पाण्याएवढंच जड असतं, म्हणजे 300 सीसीचे दोन मिळून जवळजवळ 600 ग्रॅम रोज छातीवर.

सर्जनकडे सायझर (वेगवेगळ्या मापांचे नमुन्याचे इम्प्लांट) असतात, तेही ब्रामध्ये घालून पाहा. हे करायला घट्ट, एकरंगी, फिकट टी-शर्ट घालून जा. नक्षीदार कपड्यात आकार हरवतो. काही ठिकाणी थ्रीडी कॅमेऱ्याने तुमच्याच छातीवर वेगवेगळे इम्प्लांट दाखवतात. ते चित्र आहे, वचन नाही, एवढं ध्यानात ठेवलं तर उपयोगाचं आहे.

तुमच्या दोन बाजू मुळात सारख्या नसतील. कोणाच्याच नसतात. आधीच फोटो काढून तो फरक सर्जनकडून समजून घ्या, नाहीतर ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा दिसतो आणि ऑपरेशननेच झाला असं वाटतं.

सही करण्याआधी

सर्जनला मी जे प्रश्न विचारायला हवे होते ते इथे देते. माझ्या पायाची रुंदी किती आणि सुचवलेल्या इम्प्लांटची किती? वरची चिमटी किती भरली? हे प्रोफाइल का, याच्या आधीचं किंवा नंतरचं का नको? माझ्यासारख्या बांध्याच्या तुमच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का? आणि पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्चाचं काय? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. माझ्या दुसऱ्या सर्जनबाईंनी कागद घेऊन रुंदी, चिमटी, ताण, घडीचं अंतर अशी चारही मापं लिहिली आणि तो कागद माझ्या हातात दिला. पहिल्या वेळी माझ्याकडे फक्त पावती होती.

2021 पासून अमेरिकेत इम्प्लांटवर एफडीएचा ठळक चौकटीतला इशारा असतो आणि रुग्णाने वाचून सही करायची यादी असते. तुम्ही कुठेही असलात तरी त्यातल्या गोष्टी विचारून घ्या. इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसतात, कधीतरी बदलावे किंवा काढावे लागण्याची शक्यता धरूनच चाला. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते किंवा फार नाजूक होऊ शकते, बहुतेकदा काही महिन्यांपुरती, क्वचित कायमची. काही जणींना इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा असा त्रास होतो आणि काढून घेतल्यावर त्यांतल्या कित्येकींना बरं वाटतं. त्याचं नेमकं कारण वैद्यकाला अजून सापडलेलं नाही, पण त्या बायकांचा त्रास खरा आहे. धूम्रपान करत असाल तर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद, कारण निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. येत्या वर्षभरात बाळाचा विचार असेल किंवा वजन बरंच कमी करायचं असेल तर ते आधी होऊ द्या. या दोन्हींनी स्तन बदलतात आणि आजची मापं उद्या जुनी होतात.

पहिले सहा महिने

पट्टी सुटल्यावर आरशात जे दिसतं त्याने घाबरू नका. इम्प्लांट वर चढलेले, चौकोनी, कडक दिसतात, कातडी चकाकते. स्नायू सैल पडतो, खालची कातडी ताण घेते आणि ते हळूहळू खाली बसतात. याला तीन ते सहा महिने लागतात. एक बाजू दुसरीच्या आधी उतरते, त्याचीही धास्ती घेऊ नका. पहिले सहा आठवडे जड उचलणं आणि छातीचा व्यायाम बंद. नव्या ब्रा सहा महिन्यांपर्यंत घेऊ नका, माप बदलत राहतं. एक बाजू झपाट्याने फुगली, लाल आणि गरम झाली, ताप आला, तर मात्र रात्र जाऊ न देता सर्जनला फोन करा.

आणि ऑपरेशननंतर एक कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, मॉडेल, आकार आणि दोन्ही बाजूंचे सिरियल नंबर असतात. मिळालं नाही तर मागून घ्या. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत घरात जिथे महत्त्वाची कागदपत्रं असतात तिथे. मॅमोग्राफीला जाल तेव्हा तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचं आधीच सांगा, म्हणजे इम्प्लांट मागे सारून जादा फोटो घेता येतात. माझं पहिलं कार्ड हरवलं होतं, आणि आत नेमकं काय आहे हे दुसऱ्या सर्जनबाईंना कॅलिपर आणि सोनोग्राफीवरून ताडावं लागलं होतं.